बाबांच्या फाईलमधलं शेवटचं पान

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. समोरचा "चालतंय" म्हणाला की ते चालत नाही हे सिद्ध करण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. आज माझाच लिहायला बसलोय, तर तुम्हीही खुशाल हसा... तुमच्या जागी मी हसलोच असतो.

आमचं घर धनकवडीत, दुसऱ्या मजल्यावर. आई-बाबा वर्ध्याकडचे, बाबांना इथल्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी लागली आणि ते पुणेकर झाले. गोष्ट घरोघर ब्रॉडबँड नुकतंच येत होतं तेव्हाची. रिटायर झाल्यावर बाबांनी एका मित्राच्या सीडीवरून फुकटचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम घेतला, कळा पाठ केल्या आणि आपल्या आठवणी लिहायला लागले. दाखवायचे मात्र कुणालाच नाहीत, आईलासुद्धा नाही. "पूर्ण झाल्यावर," म्हणायचे.

बाबांची एक खोड होती. तीस वर्षं स्टोअर्सचे फॉर्म भरल्यामुळे कुठलाही चौकोन रिकामा सोडणं त्यांना गुन्हा वाटायचा. नेटवरून काही उतरवलं की दिसेल त्या चौकोनात टिक! परिणाम काय, तर ब्राउझरच्या डोक्यावर चार टूलबार, कोपऱ्यात कुठल्या तरी परदेशी शहराचं हवामान, आणि "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असं दर पाच मिनिटांनी ओरडणारी खिडकी. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की बाबा बटण दाबून अंघोळीला जायचे.

एका रविवारी सकाळी माझा संयम संपला.

"बाबा, हे सगळं तुम्ही टाकलंत?"

"त्यानं विचारलं, मी हो म्हणालो. नाही कसं म्हणायचं?"

"फुकट मिळतंय म्हणून वाट्टेल ते घरात आणायचं का? पार कचराकुंडी केलीय तुम्ही!"

माझा आवाज फार चढला होता. सफाईचा प्रोग्राम चालवला, तर त्याने "बहुधा नको असलेले प्रोग्राम" या नावाखाली ही लांबलचक यादी दिली. मी न वाचता सगळे निवडले आणि कायमचे उडवले. ऑफिसात दुसऱ्यांना "आधी लिस्ट वाचा" म्हणून झापणारा मी... त्या यादीत बाबांचा टायपिंगचा प्रोग्रामही होता, कारण त्याच्यासोबतही एक टूलबार आलेला. त्याच्याबरोबर त्याचा फॉन्ट गेला.

तेव्हाच्या त्या फॉन्टांचं असं होतं की फॉन्ट गेला की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं दिसायची. दुपारी बाबांनी फाईल उघडली. ऐंशी पानं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तसलीच गिचमिड. दुसरे फॉन्ट लावून पाहिले, आणखीच भलतं काही दिसलं. सीडीवाला मित्र मुलाकडे अमेरिकेला गेलेला. बुधवार पेठेतली कॉम्प्युटरची दुकानं पालथी घातली, तिथे एका दुकानदाराने "फुकटातलं आम्ही ठेवत नाही" एवढं ऐकवून पाठवलं. कागदावर एकही पान छापलेलं नव्हतं, त्यामुळे ताडून बघायलाही काही नव्हतं.

बाबा चिडले नाहीत. "असू दे," म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी हार्ट अटॅक आला आणि ते गेले.

ज्या माणसाने आयुष्यात एकदाच स्वतःबद्दल काही लिहिलं, त्याचं लिहिणं मी पुसलं. हे मला खात होतं, जेवताना, बसमध्ये, मीटिंगमध्ये. त्यांचे शब्द परत मिळावेत, एवढं एकच मला हवं होतं.

तेरावं झाल्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी ती फाईल उघडून बसलो होतो. आई चहा घेऊन आली. तिचं शिक्षण सातवी, आणि कॉम्प्युटरवरची धूळ पुसण्यापलीकडे तिने त्याला कधी हात लावलेला नव्हता. चष्मा सावरत ती माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली,

"पुण्यात उतरलो तेव्हा खिशात मामांचा पत्ता होता, पण मामा घर सोडून गेले होते."

"काय?"

"लिहिलं आहे ना इथं. तू इतका वेळ काय करून राहिला मग?"

तिचं बोट ज्या ओळीखाली होतं तिथे मला फक्त अर्धे कंस आणि डॉलरची चिन्हं दिसत होती. ती पुढे वाचत गेली. "पहिला महिना मी मंडईत भाजीच्या पोत्यांशेजारी झोपलो." इथे थांबली. "मला तर मामांकडे होतो म्हणून सांगितलं होतं यांनी..." तिने डोळे पुसले आणि परत वाचायला लागली.

पाच आठवडे, शनिवार-रविवार, दुपारी. ती पेपर वाचावा तशी वाचायची आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. टेस्टर आहे, तपासलं नसेल असं वाटतं का तुम्हाला? आदल्या आठवड्याचं पान मुद्दाम पुन्हा समोर आणलं – तिने शब्दही इकडचा तिकडे केला नाही. एकदा मी स्वतः कळा बडवून मध्येच एक खोटी ओळ घुसवली. "हे काही नाही, उगाच आहे," म्हणून तिने ती सोडून दिली. मी ती ओळ पुसून टाकली.

शेवटच्या पानाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा काढला. "संपलं."

"अगं, हे पान राहिलं की!"

"संपलं म्हणलं ना," आई म्हणाली आणि आत गेली.

दीड वर्षाने बाबांचे मित्र पुण्यात परतले. सीडी त्यांच्या कपाटात होती. या वेळी मी प्रत्येक चौकोन वाचून प्रोग्राम टाकला, फाईल उघडली आणि वही शेजारी ठेवली. शब्दाला शब्द जुळत होता. मग शेवटचं पान आलं. ते त्या रविवारनंतरचं होतं... बाबांनी समोर काय उमटतंय ते दिसत नसताना टाइप केलेलं.

"प्रशांतने मशीन स्वच्छ केलं. आता पटकन सुरू होतं. अक्षरं दिसत नाहीत, पण बोटांना पाठ आहेत. पोरगा आठवडाभर दमतो, त्यात रविवार माझ्यासाठी घालवला. फाईल गेली हे त्याला फार लागलं आहे, मी पाहतो ना. मी पुढं लिहीत नाही आता. सुमन, हे पान त्याला वाचून दाखवू नकोस. रडेल उगाच."

सुमन म्हणजे आई.

बाबांनी तिला आधीच सगळं वाचून दाखवलं असेल म्हणावं, तर मग मंडईची ओळ वाचताना ती का थांबली? शिवाय माझी खोटी ओळ तिने ओळखली कशी? माझ्याकडे याचं उत्तर नाही, तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा. तीच फाईल त्या फॉन्टशिवाय मी तिला पुन्हा दाखवली, तर म्हणाली, "हे इंग्रजी आहे, मला काय समजते बाप्पा?"

"मग तेव्हा कसं वाचलंस?"

"तेव्हा दिसत होतं."

"आणि शेवटचं पान? तेही दिसत होतं ना?"

ती मेथी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ते नको म्हणाले होते ना," ती म्हणाली. "पाहा, रडलाच शेवटी."