काचेला एकच भोक

मोटारसायकलला किक मारण्याआधी तो पुढच्या काचेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा. मग कुणी बघतंय का ते बघायचा. कुणी बघत नसेल तर पुन्हा टकटक. "आसली काच अख्ख्या बीडात न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांची वस्तू म्हणजे जगातली एकच, आणि आपली म्हणजे भंगार. आमच्या दूध संघात तो सुपरवायझर होता आणि मी प्रयोगशाळेत टेस्टर. प्रयोगशाळा म्हणायचं एवढंच; एक स्टोव्ह, दहा-बारा परीक्षानळ्या आणि एक रजिस्टर. चौसाळ्याकडच्या गावांतून तो दुधाचे नमुने बाटल्यांत भरून बीडला आणायचा. मी ते नळीत उकळायचो. दूध फाटलं की रजिस्टरात 'आंबट' लिहायचं, संपलं. आम्ही त्याला तोंडावर 'काचवाले' म्हणायचो. त्याला तो मान वाटायचा.

काच त्याने थंडीत बसवली होती. हेडलाइटपासून थेट कपाळापर्यंत येणारी, जाड फायबरची. का बसवली विचारलं तर म्हणाला, "धुळीनं केस खराब होतेत." त्याच्या डोक्यावर केस किती, हे मी उगाच सांगत नाही. ऑफिसातल्या एकुलत्या एका पंख्याखालची खुर्चीही त्याचीच असायची. दुसरं कुणी बसलं तर हा शेजारी उभा राहून रुमालाने वारा घेत राही, तो बिचारा उठेपर्यंत.

मार्च लागला आणि काच त्याच्यावर उलटली. पुढून वारा बंद, खालून इंजिनाची धग. बीडला पोचायचा तेव्हा शर्ट पिळून घ्यावा असा.

"काढून टाका की ती काच," मी म्हणालो.

"कावून काढू? काढली तर लू तोंडात, ठेवली तर वारं बंद. मला दोनी पाहिजे."

"मग भोक पाडा तिला."

मी टिंगल केली होती. त्याने मान हलवली आणि विचारात पडला.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. गावांत टँकर, जनावरं छावणीत, दुधाचं प्रमाण एवढंसं. नमुन्याच्या डब्यात बर्फ ठेवावा असा संघाचा नियम होता. दुष्काळात बर्फाचा कारखाना बंद पडला. नियम राहिला, बर्फ गेला. दुसराही एक नियम होता, की एका उन्हाळ्यात तीन वेळा नमुना आंबट आला तर त्या गावचं केंद्र बंद. हा मात्र संघाने कसोशीने पाळला. दुष्काळात सहकार असा नियमांपुरताच उरतो.

तो सकाळी सगळ्यांत लांबच्या गावी आधी जायचा आणि मग एकेक केंद्र करत माघारी यायचा. म्हणजे त्या लांबच्या गावची बाटली सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्या मागे उन्हात भाजत यायची. ते केंद्र विहाराशेजारच्या एका खोलीत होतं. वस्तीतल्या पंधरा-वीस घरांच्या बायकांनी ते काढलेलं. छावणीत न पाठवता घरी राखलेली एकेक गाय, तिचं दोन-तीन लिटर दूध, आणि त्यावर चाललेलं घर. मार्चअखेर त्या गावच्या नावापुढे मी दोनदा 'आंबट' लिहिलं. सकाळी ते दूध गोड असणार, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

"रस्त्यात नासलं की हो," काचवाला म्हणाला.

"बाटलीत जे येतं ते मी लिहितो," मी म्हणालो. हे माझं ठरलेलं वाक्य. मलाही त्याचा अभिमान होता.

त्याच आठवड्यात तो चौसाळ्याच्या एका फिटरकडे काचेला भोक पाडायला निघाला. मी मुद्दाम बरोबर गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

फिटरने त्याला गाडीवर बसवलं आणि काचेवर बरोबर तोंडासमोर खडूने गोल काढला. म्हणाला, "सायेब, एकच पडंल. दुसरं पाडाया गेलं की काच तडकंल. नीट बघून सांगा."

काचवाला गाडीवर बसून राहिला. उतरला. पुन्हा बसला. लग्नासाठी मुलगी बघतानाही माणूस एवढा वेळ घेत नाही. शेवटी त्याने अंगठ्याला थुंकी लावून तो गोल पुसला आणि पार खाली, हँडलच्या बरोबरीला, स्वतः दुसरा काढला.

"बेंबीला उकडतंय का?" मी विचारलं. फिटरही हसला.

"तुमाला काय कळतंय? पोट थंड तर डोकं थंड."

सळई तापवून फिटरने भोक पाडलं, कानशीने घासलं आणि त्यात प्लॅस्टिकचं एक नरसाळं तोंड बाहेर करून बसवलं. ती मोटारसायकल जन्मात कुणी विकत घेतली नसती. यानं काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "आसली काच अख्ख्या बीडात न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य खरं होतं.

पुढे एप्रिल तापला, आणि त्या लांबच्या गावचा नमुना गोड येऊ लागला. एकदा, दोनदा, चारदा. दुसऱ्या रूटवरच्या जवळच्या गावांची दुधं फाटत होती आणि सगळ्यांत लांबचं गोड! माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हा गडी बीडात आल्यावर एखाद्या गवळ्याकडून ताज्या दुधाने बाटली भरतो. आळशी, ऐदी माणूस दुसरं काय करणार? मी मॅनेजरला लेखी तक्रार दिली. भाषा कडक वापरली. दोनदा वाचून पाहिली, आवडलीही.

मॅनेजर म्हणाले, "आधी एकदा त्याच्याबरोबर जाऊन बघा. तोवर कागद माझ्याकडे राहू द्या."

पहाटे त्याच्या मागे बसून निघालो. त्या लांबच्या गावच्या केंद्रावर सचिव बाई कॅन धुवून उभ्या होत्या. रात्री टँकर आला नव्हता. तरी त्यांनी घरातून एक तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"प्या सायेब. तेवढंच हाय."

त्याने तांब्या घेतला. नमुन्याचा जाळीचा डबा बारदानात गुंडाळून हँडलला टांगलेला होता, बरोबर त्या नरसाळ्यामागे. त्याने तांब्या त्या बारदानावर सावकाश ओतला, एक थेंब खाली न सांडता. ओल्या बारदानातून वारा गेला की डबा माठासारखा गार राहतो, हे मला तिथे उभ्या-उभ्या कळलं.

बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्ये रोजचंच हाय यांचं. पीतच न्हाईत."

"तुमी कॅन नीट धुवा," तो त्यांच्यावर खेकसला. "आंबट आलं तर माझ्या रूटचं नाक कापतंय." उपकाराचा एक शब्द नाही, गोड बोलणं नाही. तसा तो शेवटपर्यंत असह्यच होता.

परतीच्या वाटेत अकराला माझा घसा कोरडा पडला. मागे बसणाऱ्याला त्या काचेचा आणि भोकाचा काडीचा उपयोग नव्हता. त्याच्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली दिसत होती. मी हात घातला.

"ऱ्हाऊ द्या. ते आपलं न्हाई, दुधाचं हाय."

प्रत्येक केंद्रावर त्याने त्यातलं थोडं-थोडं बारदानावर ओतलं. काचेमागे त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. फिटरने काढलेला पहिला गोल मला आठवला.

दुपारी नळीत दूध उकळलं. गोड. मॅनेजरकडे जाऊन म्हणालो, "तसं काही नाही, साहेब. माझी चूक झाली."

"मग लेखी द्या," मॅनेजर म्हणाले. "तक्रार लेखी आहे तर माघारही लेखी लागेल. सोमवारी संचालकांपुढे फाइल जाईल."

"उद्या देतो," मी म्हणालो.

एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ फाइलला लागणार, शिपायापासून चेअरमनपर्यंत वाचली जाणार, की टेस्टरने गाढवपणा केला. दुसऱ्या दिवशी कामं निघाली. तिसऱ्या दिवशी मी ती काढली. काचेसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला हसणारा मी, एका कागदाला घाबरलो. सोमवार उलटला. चौकशी होईपर्यंत काचवाल्याला आवक-जावकच्या टेबलावर बसवायचं ठरलं, आणि रूटवर दुसरा माणूस गेला. त्याच्या गाडीला काच नव्हती, नरसाळं नव्हतं. डबा मागे कॅरियरला, उन्हात.

आठव्या दिवशी लांबच्या गावची बाटली आली. बूच उघडताच वास आला. तरी मी ती उकळली, उगाच. नळीत दूध फाटलं. बाटलीत जे आलं ते मी माझ्या हाताने लिहिलं. तिसरा 'आंबट'. दुसऱ्या दिवसापासून त्या गावचं केंद्र बंद झालं, आणि महिन्याभरात वस्तीतल्या गायी बाजारात विकल्या गेल्या. संघाने नियम पाळला.

तिसरा 'आंबट' लिहिला त्याच संध्याकाळी मी माघारीचा कागद लिहिला. पाच मिनिटं लागली. काचवाला घरी जायला गाडीपाशी उभा होता. मी पळत जाऊन कागद त्याच्या हातात दिला. तक्रार माझी होती, हे त्याला माझ्याकडूनच कळावं एवढी तरी लाज मला उरली होती.

इतक्या वर्षांत त्याने मला कधी 'तुमी' सोडून हाक मारली नव्हती. टिंगलीतही नाही. त्याने कागद वाचला, चौकोनी घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

"आता कावून बे?" तो म्हणाला.

पुढे तो निवृत्त झाला, नंतर गेला. संघाच्या फाटकालाही कुलूप आहे. पण मला तो आठवतो तो त्या संध्याकाळचाच. हँडलला अडकवलेलं कोरडं बारदान त्याने सोडून खाली टाकलं, गाडीवर बसला आणि किक मारली. काचेवर टकटक केली नाही.