आत्याचं विजोड ठिगळ आणि काकांचा तितर

आमच्या गटात टॉवेल कमी आणि किस्से जास्त तयार होतात. टॉवेल विकले जातात, किस्से माझ्याकडे साठत राहतात. आज त्यातले थोडे मोकळे करतो.

गट म्हणजे आम्ही तिघं पारधी. मी सोलापुरात चित्रकला शिकवतो, शेवंता आत्या गोधड्या शिवते आणि लक्ष्मणकाका पक्षी काढतात. आमची डिझाइनं टॉवेलांवर, पिशव्यांवर येतात आणि विक्रीतून वस्तीवरच्या शिकणाऱ्या पोरांना हातभार लागतो. यंदा सगळ्यांचा जीव पूजासाठी टांगणीला लागला होता. वस्तीवरून नर्सिंगला जाणारी ती पहिली मुलगी. प्रवेश मिळाला होता, होस्टेलची फी भरायची राहिली होती.

*

काका आधी जमिनीवर माती पसरून बोटानं चित्र काढतात, मग मी त्याचा फोटो घेतो. एकदा आमच्या विणकर राजेशमच्या कारखान्यात त्यांनी सकाळभर खपून तितर काढला. पीस न् पीस जागेवर. मी मोबाइल आणायला वळलो, तेवढ्यात राजेशम आत आले आणि उकडतंय म्हणून पंखा लावला.

राजेशमना तोंड लपवायला जागा उरली नाही. काका मात्र शांत होते.

"पाखरू हाय ते. उडनारच की," म्हणाले आणि पुन्हा माती पसरायला बसले.

*

आत्याच्या प्रत्येक गोधडीत एक ठिगळ मुद्दाम विजोड असतं. दृष्ट लागू नये म्हणून, ही तिच्या आईची रीत. तिची गोधडी समोर ठेवून राजेशमनी टॉवेलचं डिझाइन बसवलं आणि भल्या माणसानं ती 'चूक' गुपचूप दुरुस्त करून टाकली. सगळा लॉट एकदम सरळ! वर शाबासकीच्या अपेक्षेनं हसत उभे.

आत्या काळा दोरा घेऊन बसली आणि प्रत्येक टॉवेलच्या कोपऱ्यात एक वेडावाकडा टाका घातला. "अक्का, हा माल डॅमेजमध्ये जाईल," राजेशम कळवळून सांगत होते. स्टॉलवर मात्र लोक टाका शोधून शोधून टॉवेल घेऊ लागले. आता एखाद्या टॉवेलचा टाका राहिला तर राजेशमच तो आत्याकडे परत पाठवतात.

*

एका कॉलेजातल्या प्रदर्शनात एक मॅडम आमच्याकडे निरखून बघत होत्या. काकांची पँट, माझा चष्मा, आत्याचा मोबाइल. त्यांचं समाधान होईना. शेवटी विचारलंच, तुम्ही खरंच आदिवासी आहात का?

"बाई, सरकारला दाखला द्यायला नऊ वर्सं लागली," आत्या म्हणाली. "तुमाला लगेच कसं पटंल?"

मॅडमनी दोन पिशव्या घेतल्या.

*

फीचा शेवटचा दिवस सोमवार होता आणि पुण्यातलं रविवारचं प्रदर्शन ही शेवटची संधी. पूजाला घेऊन आम्ही चौघं निघालो. वाटेत एका जंक्शनवर गाडी बदलताना हवालदारानं अडवलं. आडनाव विचारलं, वस्ती विचारली आणि गाठोड्यांसकट चौकीत बसवलं. नव्याकोऱ्या पिशव्या, नवेकोरे टॉवेल, बिल नाही, मग माल कुणाचा? आमचाच, आम्हीच बनवलाय, हे मी चारदा सांगितलं. मला राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण गाडीला वीस मिनिटं उरली होती आणि पूजा रडायच्या बेताला आली होती.

"हे चित्र तू काढलंस? मग काढून दाखव," हवालदार काकांना म्हणाला आणि कोरा कागद पुढे सरकवला. चौकीतल्या अशाच कोऱ्या कागदावर सही करून आमच्या वस्तीवरची कितीतरी माणसं आत गेली होती.

त्या दिवशी काकांनी माती मागितली नाही. निमूट पेन घेतलं. दोन मिनिटांत कागदावर तितर उभा राहिला, पिशवीवर होता तसाच, मान वळवून बघणारा. हवालदार कधी कागद बघे, कधी पिशवी. मग त्यानं गाठोडी आमच्याकडे ढकलली, जा म्हणाला, गाडी निघेल.

आम्ही उठलो तसा त्याचा आवाज एकदम खाली आला.

"काका, हे चित्र माझ्या पोरीला नेऊ का? खाली तेवढी सही करा."

काकांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हात जोडले.

"तितर घ्या साहेब. चौकीत सही न्हाय करत मी."