बारा हातांवर पाणी

त्या डॉक्टरकाकांचा मला अजून राग येतो. एवढ्या वर्षांत तो निवायला हवा होता, पण नाही निवला. त्यातला मोठा वाटा माझा माझ्यावरच्याच रागाचा आहे, म्हणूनही असेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहून एका कंपनीत प्रोग्रॅमिंग करत होते आणि माझे वडील नागपूरहून तीन महिन्यांसाठी आले होते. बाबा सूतगिरणीत आयुष्यभर राबलेले. सुटीच्या दिवशी वस्तीतल्या जलशात गायचे, गाणी स्वतःच रचायचे. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागे उभी राहून झील द्यायचे. म्हणजे मुख्य गाणारा ओळीच्या शेवटी थांबतो आणि मागचे ती ओळ उचलतात. बाबा थांबले की उचलायचं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

इथे त्यांना करमेना. टीव्ही कळेना, रस्त्यावर चालणारा माणूस दिसेना. "इथली माणसं गेली कुठी बाप्पा?" असं दिवसातून दोनदा खिडकीपाशी उभं राहून विचारायचे. म्हणून ऑफिसातल्या एका बाईने रविवारी दुपारी आपल्या घरी गाण्याला बोलावलं, तेव्हा मी त्यांना घेऊन गेले.

हॉलमधले सोफे भिंतीला सारून तीसेक घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. स्टेज नाही, माइक नाही. समोर दोन स्टुलांवर एक मध्यमवयीन बाई आणि एक म्हातारा, दोघांच्या हातात गिटार. आळीपाळीने एकेक गाणं म्हणायचं, तेही स्वतः लिहिलेलं, आणि प्रत्येक गाण्याआधी त्याची गोष्ट सांगायची, अशी त्यांची रीत. लोक इतके चिडीचूप की आपली खुर्ची करकरली तरी अपराध केल्यासारखं वाटावं.

आमच्या पुढच्याच रांगेत हे डॉक्टरकाका. मूळचे पुण्याचे, पंचवीस वर्षांपूर्वी आलेले, आमच्या मराठी मंडळातलं बडं प्रस्थ. घरमालकीण, म्हणजे माझ्या ऑफिसातली ती बाई, त्यांची पेशंट. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "आडनावावरून काही कळत नाही, मूळचे कुठले तुम्ही?" आमचं आडनाव गावावरून पडलेलं. मी "नागपूरकडचे" म्हणाले आणि थांबले. आम्ही बौद्ध आहोत हे काही सांगितलं नाही. पुढे त्यांच्याच घरी जेवताना 'कोट्यातल्या डॉक्टरांवर' विनोद झाले, सगळे पोट धरधरून हसले, आणि मी मूग गिळून त्यांचं श्रीखंड खाल्लं. मंडळ सुटलं तर मराठी बोलायला कोण उरणार, ही भीती. भीतीच होती, तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

चौथं की पाचवं गाणं त्या बाईने आपल्या आजीवर म्हटलं. आजी तिथल्याच एका कापड गिरणीत होती, छातीत कापूस बसून खोकून खोकून गेली, आणि गिरणीवाले तिला मुळातच अशक्त ठरवून मोकळे झाले. मी बाबांच्या कानात ओळ न् ओळ सांगत होते. बाबांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. "आपलीच गोष्ट आहे हे," ते म्हणाले. पुढच्या रांगेत काकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि गाणं संपल्यावर मागे वळून मला म्हणाले, "काय ऑनेस्टी आहे बघ! काही म्हणून लपवत नाहीत हे लोक."

त्या बाईने बाबांचा ठेका पाहिला होता. तुम्हीही गाता का, असं तिने विचारलं. मी बाबांना सांगितलं, आणि मी पुढे काही म्हणायच्या आत ते उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला, कानावर हात ठेवला.

त्यांनी स्वतःच्या आईवरचं गाणं घेतलं. गावात विहीर होती, पण माझ्या आजीला तिच्या जवळ जायची मुभा नव्हती. बारा हात लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर वरून घागरीत ओतलेलं पाणी घ्यायचं. 'बारा हातांवर पाणी, माझी माय उभी अनवाणी.' बाबांनी ओळ टाकली, थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गालिच्याकडे पाहिलं. काकांची मान ताठ झालेली मला दिसत होती, आणि आता ही मान वळणार, मग सगळ्या मंडळाला कळणार, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. बाबांनी क्षणभर वाट पाहिली, मग स्वतःची झील स्वतःच दिली. चार कडवी होती. ते चारही वेळा थांबले.

टाळ्या झाल्या. बाई म्हणाली, आता याची गोष्ट सांगा ना. मी घसा खाकरला तोवर काका उभेच राहिले. मी ट्रान्सलेट करतो म्हणाले, आणि अतिशय गोड इंग्रजीत त्यांनी सांगितलं की हे एक जुनं भक्तिगीत आहे. आई नदीवर पाणी आणायला जाते आणि तिथे तिला देव भेटतो. लोकांनी उसासे सोडले. त्या गाण्यात नदी नव्हती. देव तर नव्हताच, तो असता तर आजी उन्हात कशाला उभी राहिली असती? काकांना कळलं नाही म्हणावं, तर हा मनुष्य मंडळाच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी परीक्षक! खाली बसताना ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "असलं इथे कशाला गं? आपल्या घरातलं घरात ठेवावं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचं घर? त्या घराच्या विहिरीला माझ्या आजीने हात लावलेला चालत नव्हता, ते घर? त्या अमेरिकन बाईच्या आजीसाठी रुमाल भिजवायचा आणि माझ्या आजीला सरळ नदीवर धाडायचं! हे सगळं माझ्या ओठांवर होतं. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. मी त्यांच्याकडे पाहून हसले.

कार्यक्रम संपून आम्ही गाडीत बसलो. दोन सिग्नल गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "तो माणूस काय म्हणे?"

"काही नाही बाबा. सगळ्यांना आवडलं."

"गॉड म्हणे तो. मले इंग्रजी येत नाही, पण गॉड समजते. आपल्या गाण्यात गॉड कुठी होता?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तू काहून गप्प होती?"

मी पुढच्या वळणावरून गाडी परत फिरवली. पोचलो तेव्हा लोक गेले होते. घरमालकीण खुर्च्या घडी करून गराजमध्ये लावत होती, गाणारी बाई गिटार व्हॅनमध्ये ठेवत होती. मी ड्राइव्हवेतच तिला एका दमात सगळं सांगितलं: विहीर, घागर, आम्ही कोण, आणि तो माणूस खोटं का बोलला तेही. ती ऐकत राहिली. मग तिने गिटार पुन्हा बाहेर काढली आणि म्हणाली, ते परत म्हणतील का?

मी बाबांना म्हटलं, "म्हणा ना बाबा. मी झील देते."

बाबांनी गराजकडे पाहिलं. शेवटच्या दोन खुर्च्या राहिल्या होत्या. तीस माणसं नदी आणि देव घेऊन आपापल्या घरी गेली होती.

"झील टायमावर द्यावं लागते, पोरी," ते म्हणाले. "गाणं झाल्यावर देऊन काय करतं?"

त्या बाईचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांना सीटबेल्ट लावता यायचा नाही, रोज मीच लावून द्यायचे. त्या दिवशी मी वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि कितीतरी वेळ ते स्वतःच खटपट करत राहिले.