मामांनी राखलेलं गवत

बिरूमामांविषयी मी लिहावं, एवढी माझी लायकी नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि त्याच कॉलेजच्या जोरावर मी त्यांचा चारचौघांत अपमान केला. त्यांना जाऊन महिना झाला... तोंडावर बोलायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. माळशिरसकडच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. मी सोलापुरात भूगोल शिकायला लागल्यापासून त्यांनी मला नावाने हाक मारणं सोडलं. मी दिसलो की मामीला ओरडून सांगायचे, "अगं च्या टाक की, कालेज आलं!" माळाचा एक तुकडा ते दर पावसाळ्यात राखून ठेवत. पवन्या गवत गुडघ्याला लागलं तरी एक मेंढरू तिथे सोडत नसत. "बी गळू दे, मग जाऊ," एवढंच म्हणत.

दुसऱ्या वर्षी कॉलेजचं झाडं लावायचं शिबिर मामांच्याच गावात झालं. जागा निवडायची होती मला. माझ्या हातातल्या कागदावर शेती, वन, पडीक एवढेच रकाने होते. राखलेल्या गवताला रकाना नव्हता. लहानपणापासून सगळं ठाऊक असूनही मी 'पडीक' लिहिलं. गावच्या बैठकीत तर उभं राहून सांगितलं, की इथे पूर्वी जंगल होतं, ते मेंढरांनी संपवलं.

"हितं जंगल कवा व्हतं रं?" मामा मागून म्हणाले. "माझ्या आज्यानं बी न्हाय बघितलं."

लोक हसले. मला मामांचीच लाज वाटली. "मी तुमच्या आज्याच्याही आधीचं बोलतोय. तुम्हाला ते कळायचं नाही, मामा."

"व्हय, आमाला कुटं कळतंय," म्हणून ते उठून गेले. राखलेल्या गवतात खड्डे पडले, चराई बंद झाली, मामांना कळप घेऊन लांब जावं लागलं. उन्हाळ्यात रोपंही जळाली.

गेल्या हिवाळ्यात सरांनी आम्हाला एका ओढ्याची दरड दाखवली. काळ्या मातीखालचे चुनखडीचे पांढरे खडे दाखवून म्हणाले, ही कोरड्या काळाची खूण. हिमयुगानंतर पाऊस वाढला, पुन्हा कमी झाला, तरी आपल्या भागात गवत टिकून राहिलं. मग गुरं-मेंढरं चारणारी माणसं आली. "हवामान आणि ही माणसं, दोघांनी मिळून हे माळ घडवलेत. जंगल तोडून झालेले नाहीत ते." बाकीचे लिहून घेत होते. मला मान वर करवेना.

हे मामांना जाऊन सांगायचं होतं, पण धीर होईना. त्यांना बरं नसल्याचं आईने फोनवर सांगितलं, "इचारतोय, कालेज कवा येतंय?" मी म्हणालो, परीक्षा आहे. परीक्षा संपून आठवडा झाला होता... चार दिवसांनी पुन्हा तिचा फोन आला. "मामा गेला रं. काल माती झाली. त्यानंच बजावलं हुतं, पोराची परीक्षा हाय, त्याला कळवू नका."