चौकातला फ्लेक्स

न्यायाधीश होण्याची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झाले. शिरूरला वकिली, आठवड्यातून दोनदा दौंडच्या कोर्टात तारखा, आणि अभ्यास एसटीत, मांडीवर कायद्याचं पुस्तक उघडून. आता नेमणुकीआधी फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी उरली होती. हवालदार गावात येणार, चार माणसांना विचारणार, आणि त्यांच्या एका ओळीवर माझी सगळी वर्षं लटकणार.

नेमक्या त्या आठवड्यात माझ्या सख्ख्या चुलत्यांनी, आप्पांनी, चौकात फ्लेक्स लावू दिला. वीस फुटी! मधोमध मी, काळा कोट, चेहरा गोरापान केलेला. आणि माझ्या कोटाला खेटून, गॉगल लावून, हात जोडून उभा कोण? मारामारीच्या खटल्यातला आरोपी. खटला शिरूरलाच चालू.

मी चप्पलसुद्धा न घालता चौकात पोचले.

"आप्पा, हा इथं कसा?"

"आगं, फ्लेक्स त्यानंच केलाय. मोठ्या मनाचा हाय."

"त्याच्यावर केस चालू आहे!"

"म्हनूनच की! आता तू शिरूरला बसशील, तवा..."

"न्यायाधीशाला स्वतःच्या तालुक्यात बसवत नाहीत."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "न्हाई बसवत? मंग जज हून आमाला उपेग काय?"

पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आजही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात. मी शिडी मागितली. एकानंही दिली नाही. मग उभ्या ट्रॉलीवर चढले आणि तिच्यातच पडलेल्या विळ्यानं दोर कापले. फ्लेक्स धाडकन खाली! समोरच गॉगलवाले शुभेच्छुक वडापाव खात होते.

"मॅडम, ह्ये बरं न्हाई केलं."

"कोर्टात सांगा!" मी वरून ओरडले.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. गाव माझ्यावर फुगलेलं, कोणी तोंड उघडेना. शेवटी आप्पाच पुढं झाले, माझ्याकडं रागानं बघत.

"लिवा सायेब. ही पोरगी कुनाचं आयकत न्हाई. गावाचं न्हाई, सख्ख्या चुलत्याचं सुदीक न्हाई. वळखीपाळखीचं काय काम घिऊन जावा, तोंडावर न्हाई म्हन्ती!"

हवालदारांनी मिशीतल्या मिशीत हसत 'वर्तणूक उत्तम' लिहिलं. आप्पांना वाटलं, माझं वाटोळं केलं. नेमणुकीचे पेढे मी अख्ख्या शिरूर कोर्टात वाटले, दौंडच्या कँटीनवाल्यालाही दिले. आप्पांना मात्र एकही दिला नाही.