लाल चिंधी

"बाटली आनली का?"

मालेगावच्या बसस्टँडमागच्या त्या दुकानात पाय ठेवायच्या आधीच हा प्रश्न यायचा. 'नाही' म्हटलं की काकाजी हळूच मान हलवायचे आणि खिडकीत पालथ्या घातलेल्या जुन्या बाटल्यांतली एक उचलायचे. "वापस आनजो मंग."

काकाजी सगळं सुटं विकत. कपड्यांची पावडर, भांड्यांचा हिरवा पातळ साबण, शाम्पू, खोबरेल. निळ्या पिंपांना तोट्या, तोटीखाली थेंब झेलायला वाटी. कंपनीचा माणूस शाम्पूच्या पुड्यांच्या माळा घेऊन आला की विचारत, "हे तोरन कोनाच्या लग्नाचं गा? पुडी एका डोक्याची, अन् मंग जलमभर नालीत."

नाल्या कशानं तुंबतात, हे तुम्हीही पाहिलं असेलच. मी या पुड्यांविरुद्ध पत्रकं वाटायचे. काकाजी पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि परत करत. "वाचलं. आता दुसऱ्याले दे. एकच कागद फिरव ना वं पोरी, एवढे कायले छापतं?"

मग जवळच्या रिठद गावात एक प्रकार झाला. तिथल्या एका बाईंनी काकाजींकडून हिरवा साबण सरबताच्या बाटलीत भरून नेला होता. घरी जावई आले. म्हाताऱ्या आजेसासूला नीट दिसत नव्हतं. तिनं तेच पाण्यात ढवळून पेल्यात दिलं. सासरी कसं नाही म्हणायचं, म्हणून जावयांनी अर्धा पेला निमूट संपवला. उलट्या झाल्या, दवाखाना झाला, पण माणूस धडधाकट घरी आला. गावंच्या गावं हसली. "जावई फेस काढून राह्यले ना बाप्पा!"

पण हसता हसता लोक काकाजींकडे यायचे थांबले. "पुडीवर निदान नाव तरी राह्यते," म्हणू लागले.

काकाजी स्वतः रिठदला जाऊन जावयांची माफी मागून आले. "बाटली सरबताची हाये, हे मले दिसत होतं. मी भरली. चूक माही." त्यानंतर घरातलं जुनं लाल लुगडं फाडून त्यांनी चिंध्या केल्या आणि साबणाच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला एक बांधू लागले. "लाल चिंधी म्हन्जे प्याचं नाही. न दिसनाऱ्यालेही हाताले लागते."

चिंध्यांचा ढीग तसाच राहिला. बाटल्याच येत नव्हत्या. मी म्हटलं, "काकाजी, आपण सभा घेऊ."

"सभेनं बाटल्या येतीन का वं?" ते वाटीतले थेंब पुन्हा पिंपात ओतत म्हणाले. "थकलो आता."

पोळ्यानंतर ते गेले.

परवा मी माझी बाटली घेऊन दुकानात गेले. आता तिथं त्यांचा मुलगा बसतो. वाईट नाही तो. जे खपतं ते ठेवतो. पिंपं दिसली नाहीत.

"बाटली कायले आनली ताई?" त्यानं विचारलं.

मी परत फिरले. दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा वाऱ्यावर चमकत हलत होत्या. प्रत्येक माळ वरच्या दांडीला लाल चिंधीनं घट्ट बांधलेली होती.