गुलाबी चिठ्ठी की निळी?

वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, त्यामुळे इथे काही घडतच नाही असा लोकांचा समज असतो. कर्जतच्या आमच्या वाचनालयात या, एक शनिवार बसा, आणि मग बोला! सात वर्षं मी तिथे ग्रंथपाल आहे. सांगायला बसले की एकातून दुसरं निघतं आणि घरी कुकर लावायचा राहून जातो.

आमच्याकडे कादंबऱ्यांची दोन कपाटं. प्रेमकथांना गुलाबी चिठ्ठी, जादू-राक्षसवाल्या अद्भुत कथांना निळी. नवीन कादंबरी आली की तिघं ती वाचतात आणि शनिवारी मत देतात. निवृत्त हेडसर, कडावच्या शालनवहिनी आणि मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीत लॅबमध्ये जन्म घालवलेले प्रधानकाका. मी फक्त चिठ्ठी चिकटवते. म्हणजे तसं ठरलं होतं.

*

हेडसर कादंबरी वाचत नाहीत, तपासतात. लाल पेन घेऊन. एकदा निकाल लागला : “प्रेम चौतीस, जादू चौतीस. दोन्ही विषयांत नापास.”

“मग कुठल्या कपाटात ठेवू, सर?”

“कुठल्याच नाही. ऑक्टोबरला बसवा!”

आणि खरंच ते पुस्तक त्यांनी ड्रॉवरमध्ये घालून कुलूप लावलं. महिना जूनचा होता. बिचारं दिवाळीच्या तोंडावर बाहेर आलं, तेही ग्रेस मार्क घेऊन.

*

शालनवहिनींची भातशेती आहे, घरात दोन म्हशी आहेत, आणि तरी आठवड्याला तीन पुस्तकांचा फडशा! एका कादंबरीत राजपुत्राचा नाग होतो. सर म्हणाले, “उघड आहे, निळी.”

“नाग हाय म्हनून?” वहिनी म्हणाल्या. “आमच्या बांधावर रोज दिसतो वो. त्यात काय अद्भुत?”

“मग गुलाबी?”

“नाय, नाय. निळीच लाव गं माधवी. सून न् सासू वर्षभर एका चुलीशी ऱ्हातात न् एकदा पन भांडत नाय!”

*

प्रधानकाकांना हे असलं मोघम चालत नाही. त्यांनी चाचणी शोधून काढली. जादूच्या पानांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि उरलेलं वाचायचं. गोष्ट टिकली तर प्रेमकथा. एकदा तीनशे पानांच्या कादंबरीला त्यांनी इतके चिमटे लावले की पुस्तक मिटेना. मोकळी चारच पानं उरली.

“शिल्लक काय राहिलं?” सरांनी विचारलं.

“लग्न.”

“लग्न उरलं म्हणून प्रेमकथा कशी काय हो?”

काका एकेक चिमटा काढायला लागले.

*

माझीही चूक सांगते. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याने पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला गुलाबी कादंबऱ्या मागितल्या आणि मी घाईत निळा गठ्ठा दिला. सगळी भुतं! सोमवारी त्याचा फोन आला.

“ताई, आनखी अशाच द्या. जोडपी एकमेकांचा हात सोडीत नाय!”

*

मग गेल्या वर्षी एक कादंबरी आली. लेखकाचं नाव कधी न ऐकलेलं. प्रधानकाकांनी मला कोपऱ्यात बोलावलं आणि कानापर्यंत लाल होत म्हणाले, “माधवी, कुणाला बोलू नकोस. मीच लिहिलीये. टोपणनावाने.”

“अय्या! काकूंना माहितीये?”

“तिच्यासाठीच तर लिहिली. तोंडाने बोलायला मला कधी जमलं नाही गं. पण ती फक्त गुलाबी कपाटातलं नेते. निळी लागली तर ती आयुष्यात वाचणार नाही.”

आणि शनिवार उजाडला.

नायक जादूगार. हात वर केला की ढग थांबतात. आणि रोज सकाळी तो वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढतो, आलं घालून चहा करतो आणि बायकोला उठवतो.

“ढग थांबवतो. निळी,” सर म्हणाले.

“ढगांचं सोडा वो!” वहिनी म्हणाल्या. “रोज बायकोला हातात चा? निळीच. गडद निळी!”

दोन विरुद्ध एक, गुलाबी म्हणणारे एकटे काका. काकांचा चेहरा मला बघवेना. सगळे गेल्यावर मी गुपचूप गुलाबी चिठ्ठी लावली. सात वर्षांत पहिली लबाडी!

काकूंनी पुस्तक नेलं. पुढच्या शनिवारी परत घेऊन आल्या. काका मागे शब्दकोशांच्या कपाटापाशी, आमच्याकडे पाठ करून उभे. शब्दकोश कधीपासून वाचायला लागले कोण जाणे.

काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “या लेखकाला तू ओळखतेस का गं?”

“न... नाही, काकू.”

“भेटले तर निरोप दे. साखर वरच्या फळीवर नसते. पस्तीस वर्षं झाली, ती ओट्याखाली, पितळी डब्यात असते.”

शब्दकोशांच्या बाजूने काहीतरी धप्पकन पडलं. काकूंनी मान वळवली नाही.

मी घाईने विचारलं, “काकू, चिठ्ठी... गुलाबीच राहू दे ना?”

त्यांनी पुस्तक उचललं, पुन्हा पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या,

“उद्या सकाळी सांगते.”